ओळख हेच तारण

वडील गेल्यानंतर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक चाळीस पानी वही सापडली. तिच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने केलेली एक बेरीज आहे. वर ‘डोंबिवली जागा’ असे लिहिले आहे आणि खाली ओळीने आकडे: प्रॉ. फंड ४,०००, पतपेढी ५,०००, ताईच्या बांगड्या ३,०००, शिल्लक ३,५००, बिल्डरकडे हप्त्याने २,५००. एकूण १८,०००. साल १९७५.

वडील गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. ताई म्हणजे माझी आत्या. या बेरजेत बँक कुठेच नाही. ते बँकेत गेले नव्हते असे नाही. ज्या बँकेत त्यांचे बचत खाते होते तिथे ते जाऊन आले होते. अधिकाऱ्याने त्यांना बसवून घेतले, चहा मागवला आणि सांगितले, की बँक धंद्याला कर्ज देते, राहत्या घराला देत नाही. आई हा प्रसंग सांगताना दर वेळी चहाचा उल्लेख न चुकता करायची. नकार मिळाला होता, अपमान झाला नव्हता, हे तिला सांगायचे असायचे.

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. पण त्या बेरजेने मला गेली काही वर्षे जुने कायदे, सहकारी संस्थांच्या स्मरणिका आणि अहवाल वाचायला लावले. प्रश्न साधा होता. बँका घरासाठी कर्ज देत नव्हत्या, तर मुंबईतल्या पगारदार माणसांनी घरे केली कशी? आणि ज्यांना करता आली नाहीत, त्यांच्यापाशी नेमके काय कमी होते?

बँका घराला का भीत होत्या

आज गृहकर्ज हा बँकांचा हक्काचा धंदा वाटतो. रस्त्यावरच्या फलकांपासून मोबाइलवरच्या संदेशांपर्यंत सगळीकडून तो आपल्या मागे लागलेला असतो. त्यामुळे हे सगळे जेमतेम पन्नास वर्षांतले आहे, हे सहज लक्षात येत नाही. त्याआधीची शंभर वर्षे बँका घरजमिनीपासून ठरवून लांब राहिल्या. त्यामागे एक जुना चटका होता आणि तो मुंबईतच बसला होता.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. हातात आलेला पैसा समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत ओतला गेला. बॅक बे रेक्लमेशनचा शेअर हे त्या वेडाचे सर्वांत ठळक नाव. बँक ऑफ बॉम्बेने याच शेअरांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली. त्या कर्जांमागचे चक्र प्रेमचंद रायचंद यांच्या हाती होते. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअर कोसळले आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली.

सरकारने त्यातून घेतलेला धडा १८७६च्या प्रेसिडेन्सी बँकांच्या कायद्यात दिसतो. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील या तीन बँकांना स्थावर मालमत्तेच्या तारणावर कर्ज देण्यास त्यात मनाई होती. १९२१ मध्ये या तीन बँका मिळून इंपीरियल बँक झाली, तेव्हा तिच्या कायद्यातही ही मनाई कायम राहिली. हीच इंपीरियल बँक १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेच्या हाडीमासी हा नियम असा खिळलेला होता, आणि मोठ्या घरची रीत धाकटी घरे उचलतातच.

नियम नसता तरी बँका घराकडे फारशा वळल्या नसत्या. लोकांच्या ठेवी वर्ष-दोन वर्षांच्या असतात आणि घराचे कर्ज पंधरा-वीस वर्षे चालते. उद्या परत मागितला जाऊ शकेल असा पैसा वीस वर्षांसाठी अडकवायचा कसा? दुसरे, कर्ज थकले तर घर विकून वसुली करायची म्हणजे दिवाणी दावा. दावा लावणाऱ्याच्या नातवाच्या हाती हुकूमनामा पडतो, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. तिसरे, जमिनीच्या मालकीचे कागद. एकत्र कुटुंब, न झालेल्या वाटण्या, सात-बाऱ्यावर अजूनही आजोबांचे नाव. अशा कागदावर कोण विसंबणार? मालकीचे कागद नुसते सावकाराच्या हाती ठेवून गहाण करण्याची सोय १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने दिली होती, पण ती मुंबई, कलकत्ता, मद्रास यांसारख्या ठरावीक शहरांपुरती. तिचा उपयोग ज्याच्यापाशी आधीच इमारत होती त्याला. खोलीच्या शोधात असलेल्या कारकुनापाशी ठेवायला कागदच नव्हता.

म्हणजे नकार एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर नव्हता. तो कायद्यात, ठेवींच्या मुदतीत आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेला होता. चहा देणाऱ्या त्या भल्या माणसाच्या हाती फारसे काही नव्हते.

गावदेवीची युक्ती

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. दाटीवाटीच्या वस्त्या मोडून नवे रस्ते आणि नव्या वसाहती करण्यासाठी १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जमिनी आखून भाडेपट्ट्याने द्यायला काढल्या. पण भूखंड घेऊन इमारत बांधणे हे शेठजींचे काम. दरमहा पगारावर जगणाऱ्याला ते कुठून परवडणार?

याच सुमारास चित्रापूर सारस्वत समाजातल्या श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी सहकाराची वाट धरली होती. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला. पुढे दोनच वर्षांनी, २७ डिसेंबर १९०६ रोजी, तालमकींनी आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने एक पतसंस्था काढली. तीच पुढे शामराव विठ्ठल सहकारी बँक झाली. कारवार-होनावरकडून मुंबईत आलेल्या, नोकरी असूनही अडीनडीला पठाणाकडे किंवा सावकाराकडे हात पसरावा लागणाऱ्या समाजबांधवांना आपसांतच कर्ज मिळावे, एवढाच तिचा हेतू होता.

१९०४च्या कायद्यात फक्त पतसंस्था बसत होत्या. १९१२च्या नव्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. त्याचा लाभ घेऊन १९१५ मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदवली गेली आणि गावदेवीला ट्रस्टच्या जमिनीवर तिच्या इमारती उभ्या राहिल्या. मुंबईतली ही पहिली गृहनिर्माण संस्था. ताडदेवची तालमकीवाडी आजही त्या माणसाचे नाव सांगते.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. इंग्लंडमधून आलेल्या या पद्धतीला आपल्या सहकारी नियमांत भाडेकरू सहभागीदारी असे जड नाव मिळाले. जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची. सभासद शेअर घेतो, संस्था त्या भांडवलावर कर्ज काढते, इमारत बांधते आणि सभासदाला त्यात राहायला जागा देते. सभासद संस्थेला दरमहा भाडे देतो आणि त्या भाड्यातून कर्जाचे व्याज आणि मुद्दल फिटत जाते. राहणारा हाच मालक आणि राहणारा हाच भाडेकरू. एकट्या कारकुनाला कोणी दारात उभे केले नसते. असे चाळीस-पन्नास कारकून एकत्र आले, की ती एक संस्था होते. ती भाडेपट्टा करू शकते, कर्ज काढू शकते आणि एकाचा पगार अडला तरी हप्ता चुकवत नाही.

या सगळ्याला तारण कशाचे होते? कागदोपत्री इमारतीचे. पण ही यंत्रणा चालली ती ओळखीवर. प्रत्येक सभासद दुसऱ्याला ओळखत होता. कोण कोणाचा जावई, कोणाची नोकरी पक्की, कोणाला नाटकांचा नाद आणि कोणाला रेसचा, हे समितीला अर्ज उघडण्याआधीच ठाऊक असे. हप्ता थकवून देवळात आणि लग्नकार्यात तोंड दाखवणे अवघड होते. बँकेला जे कोर्टाकडूनही मिळत नव्हते, ते इथे चार माणसांच्या लाजेतून मिळत होते.

पतपेढी आणि दोन जामीन

गावदेवीचा प्रयोग जातीच्या ओळखीवर उभा होता. पण ओळख कामाच्या ठिकाणीही असते. रेल्वे, पोस्ट, महापालिका, गिरण्या, शाळा, छापखाने अशा ठिकठिकाणी पगारदारांच्या पतपेढ्या निघाल्या. माझ्या वडिलांच्या बेरजेतले ५,००० रुपये अशाच एका पतपेढीचे.

तिचे काम कसे चाले हे त्यांच्या पासबुकावरून आणि पोटनियमांच्या पुस्तिकेवरून कळते. दरमहा पगारातून ठरावीक वर्गणी कापली जायची. शेअरच्या रकमेच्या ठरावीक पटीत कर्ज मिळायचे. अर्जावर दोन जामिनांच्या सह्या लागायच्या आणि जामीन त्याच पतपेढीचे सभासद हवेत. घराचा कागद, जमिनीचा उतारा, सोने, यातले काहीही कोणी मागत नसे. वडिलांना जामीन राहिले ते शेजारच्या खिळे-पेटीवर काम करणारे दोघे. पुढे त्या दोघांच्या कर्जांना वडील जामीन राहिले. साखळी अशी की एकाने थकवले तर तिघांच्या पगाराला कात्री लागायची.

या साखळीला कायद्याचे बळ होते. आधी १९२५चा मुंबई सहकारी संस्था कायदा, नंतर १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा. १९६०च्या कायद्यातले ४९वे कलम मालकाला सभासदाच्या पगारातून हप्ता कापून संस्थेकडे भरायला लावते. पैसा हातात येण्याआधीच हप्ता जातो. थकबाकी उरलीच तर १०१व्या कलमाखाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि दिवाणी दाव्याचा फेरा टळतो. बँकेला घराबद्दल जी तीन भये होती त्यातले वसुलीचे भय असे मोडून काढले गेले. मुदतीचे भय मात्र कायम होते, म्हणून पतपेढीचे कर्ज लहान आणि थोड्या वर्षांचे असे. घराची सगळी किंमत तिच्यातून उभी राहत नसे.

उरलेली रक्कम मग इकडून तिकडून. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची योजना १९५२ची. घरासाठी फंडातली रक्कम काढण्याची मुभा तिच्यात होती. म्हातारपणाची पुंजी तारुण्यातच भिंतींत घालायची, हा सौदा लाखो कुटुंबांनी केला. आयुर्विमा महामंडळ आपल्या पॉलिसीधारकांना घरासाठी कर्ज देत असे. १९६० मध्ये स्थापन झालेले राज्याचे सहकारी गृहनिर्माण वित्त महामंडळ सोसायट्यांना कर्ज पुरवीत होते, म्हणजे आधी सोसायटी हवी. आणि घरातल्या बायकांचे सोने तर होतेच. वडिलांच्या बेरजेत आत्याच्या बांगड्या एका ओळीत आटोपल्या आहेत. त्या सोडवायला पुढे सहा वर्षे लागली हे त्या वहीत नाही. ते आत्याच्या तोंडून ऐकलेले आहे.

साहित्यिकही याला अपवाद नव्हते. लेखकाच्या मानधनावर कर्ज देणारी बँक तेव्हा नव्हती आणि आजही विरळाच. वांद्र्याच्या साहित्य सहवासात विंदा करंदीकरांपासून रमेश तेंडुलकरांपर्यंत अनेक लेखक-प्राध्यापक राहिले ते सहकारी सोसायटीच्याच रचनेमुळे. इथे ओळख जातीची नव्हती, गिरणीची नव्हती, लेखणीची होती.

पावती नसलेला पैसा

सगळ्यांनाच सोसायटी मिळाली नाही. गिरगाव, परळ, लालबाग, दादर इथल्या चाळींत राहणाऱ्या बहुसंख्यांसाठी मार्ग वेगळा होता आणि त्याचे नाव पागडी.

१९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली. हेतू चांगला होता. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते आणि युद्धकाळात जागेची टंचाई वाढली होती. पण भाडे गोठले आणि भाडेकरूला काढणे जवळपास अशक्य झाले, तेव्हा जागेची खरी किंमत भाड्यातून न दिसता हातबदलाच्या वेळी दिसू लागली. खोली सोडणारा आणि मालक, दोघे मिळून येणाऱ्याकडून एकरकमी पैसे घेत. कायद्याने हे पैसे घेणे गुन्हा होता. ते रोख दिले जात आणि त्यांची पावती नसे.

कर्जाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? ज्या पैशाची पावती नाही त्याच्यासाठी कुठलीही बँक कर्ज देऊ शकत नाही. ज्या खोलीचे तुम्ही मालक नाही ती गहाण टाकता येत नाही. आणि अशा गोठलेल्या भाड्याची इमारत मालकाच्याही कामाची राहत नाही, कारण रिकामी करता न येणाऱ्या इमारतीवर कोण पैसे देणार? म्हणजे भाडे नियंत्रणाने गरिबाचे छप्पर राखले, आणि त्याच हाताने ते छप्पर कर्जाच्या बाजारातून कायमचे बाहेर काढले. पागडीची रक्कम गावची जमीन गहाण टाकून, भिशी उचलून किंवा सावकाराकडून यायची. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, अर्ध्या शतकानंतर.

दरम्यान उपनगरांत ‘ओनरशिप’चे युग आले होते. बिल्डर पैसे घेऊन जागा देत नाहीत, एकच जागा दोघांना विकतात, अशा तक्रारींतून १९६३चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची झाली. त्या वेळी हा कायदा ग्राहकाच्या संरक्षणासाठी म्हणून आला. आज मागे वळून पाहताना वाटते, त्याने आणखी एक गोष्ट केली. मध्यमवर्गीयाच्या हाती प्रथमच असा कागद आला, जो एखाद्या सावकारी संस्थेसमोर ठेवता येईल.

पगारपत्रक हीच ओळख

१९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शेती, लघुउद्योग, रिक्षावाले यांच्यापर्यंत कर्ज पोचवण्याची भाषा सुरू झाली, पण घर त्या यादीत मागेच राहिले. घर हा उपभोग, उत्पादन नव्हे, असा विचार तेव्हाच्या नियोजनात मुरलेला होता. बँकांनी घरासाठी काय करावे यावर रिझर्व्ह बँकेने आर. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला तो १९७८ साली. वडिलांच्या बेरजेनंतर तीन वर्षांनी.

त्याच्या एक वर्ष आधी, ऑक्टोबर १९७७ मध्ये, एच. टी. पारेख यांनी एचडीएफसी काढली होती. हसमुखभाई पारेख मूळचे सुरतचे. मुंबईत त्यांचे लहानपण चाळीत गेले. आयसीआयसीआयमध्ये मोठ्या पदावर कारकीर्द करून, वयाची पासष्टी ओलांडल्यावर त्यांनी हे काम हाती घेतले. माणसाला घर निवृत्तीच्या वेळी, फंडाचे पैसे आल्यावर का मिळावे, कमावत्या वयात का मिळू नये, हा त्यांचा प्रश्न होता. दहा कोटींच्या भांडवलाची ही कंपनी. सुरुवातीला तिच्या शेअरांना पुरेशी मागणीही आली नव्हती. मध्यमवर्गीय माणूस वीस वर्षे हप्ते भरेल यावर बाजाराचा विश्वास नव्हता.

माणसांनी हप्ते भरले. पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली, घरकर्जाच्या आणखी कंपन्या आल्या, आणि नव्वदीनंतर बँकाही उतरल्या. २००२च्या सरफेसी कायद्याने कोर्टाच्या दाव्याशिवाय गहाण घर ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना मिळाला आणि वसुलीचे जुने भय संपले. एके काळी बँकांना पर्याय म्हणून निघालेली एचडीएफसी १ जुलै २०२३ रोजी आपणच काढलेल्या बँकेत विलीन झाली. पर्याय मूळ प्रवाहात मिसळला.

पण या बदलात ओळखीचे काय झाले? ती गेली नाही, तिचे रूप बदलले. समितीतल्या चार माणसांच्या माहितीची जागा पगारपत्रकाने, आयकराच्या विवरणपत्राने आणि पुढे ‘सिबिल’ने घेतली. २००० साली स्थापन झालेल्या या संस्थेकडून येणारा ३०० ते ९०० मधला एक आकडा आज कर्जदाराबद्दल ते सांगतो, जे पूर्वी दोन जामीन सांगायचे. याचा मोठा फायदा आहे. हा आकडा जात विचारत नाही. तोटा असा, की ज्याने आयुष्यात कधी कागदावर कर्ज घेतलेच नाही, त्याच्याबद्दल तो काहीच सांगू शकत नाही.

दाराबाहेरचे

इथवर मी ओळखीचे गुणगान केले. आता वहीतल्या बेरजेत नसलेली एक गोष्ट सांगायला हवी.

वडिलांच्या छापखान्यात बाइंडिंग खात्यात एक गृहस्थ होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. वडिलांइतकीच वर्षे ते तिथे होते, पण रोजंदारीवर. कामावर कायम नसल्यामुळे पतपेढीचे सभासद होता येत नव्हते. सभासद नाही म्हणून जामीन नाहीत, पगारपत्रक नाही म्हणून कापायला पगार नाही. फंडही नाही. डोंबिवलीला आमच्याच इमारतीत जागा घ्यावी असे त्यांच्या मनात होते. वडील त्यांच्यासाठी पतपेढीच्या चिटणीसांकडे जाऊन आले. ‘माणूस सोन्यासारखा आहे हो, पण नियमात बसत नाही,’ असे उत्तर मिळाले. वडिलांना बँकेने जसे सांगितले, जवळपास तसेच. काकांनी पुढे मानखुर्दला झोपडी घेतली, तीही पावतीशिवाय.

ओळखीवर चालणाऱ्या संस्थेची हीच दुसरी बाजू आहे. आतल्यांसाठी तिचा जिव्हाळा जितका दाट, तितकी तिची भिंत उंच. सारस्वत, पारशी, पाठारे प्रभू, लोहाणा, जैन अशा समाजांच्या सोसायट्या मुंबईभर झाल्या. ज्या समाजांत पक्क्या पगाराची माणसे मुळातच थोडी होती, त्यांना एकमेकांची ओळख असूनही तिचे भांडवल करता आले नाही. दलित वस्त्यांत एकोपा कमी होता म्हणून तिथे सोसायट्या कमी झाल्या, असे कोणी म्हणेल काय? एकोपा होता, कापायला पगार नव्हता.

आणि पगार आला तरी भिंत राहिली. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीने पोटनियमाने सभासदत्व पारशांपुरते ठेवले होते. ही संस्था मुंबईच्याच १९२५च्या कायद्याखाली नोंदलेली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ साली न्यायालयाने तो पोटनियम वैध ठरवला. संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्यही येते, असा त्याचा आशय. कायद्याच्या अंगाने निकाल काय आहे ते आहे. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर दिसते, की १९१५ मध्ये दाराबाहेर उभ्या असलेल्यांनी एकमेकांच्या आधाराने घर बांधले, आणि नव्वद वर्षांनी त्याच रचनेच्या घराचे दार दुसऱ्या कोणासाठी बंद राहिले.

कुंभारीची घरे

ओळख जातीपलीकडे, पगारपत्रकापलीकडे नेता येते काय? याचे उत्तर मला मुंबईत सापडले नाही, सोलापुरात सापडले.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे. त्यांतल्या बऱ्याच तेलुगुभाषक पद्मशाली घरांतल्या. मजुरी हजार विड्यांमागे. पाने खराब निघाली की विड्या कमी, विड्या कमी की मजुरी कमी. अशा बाईला घरासाठी कर्ज कोण देणार? मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे आमदार राहिलेले नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरकरांचे आडम मास्तर, आणि त्यांच्या युनियनने या बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था केली आणि तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले. शहराजवळ कुंभारी इथे दहा हजार घरे उभी राहिली. एका घराची किंमत साठ हजार रुपये धरली होती. एक तृतीयांश केंद्राचा वाटा, एक तृतीयांश राज्याचा, आणि उरलेले वीस हजार कामगार बाईचे. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली.

इथे ओळख कशाची होती? कागदावर विडी कामगार म्हणून असलेल्या ओळखपत्राची. केंद्राचे अनुदान विडी कामगारांच्या कल्याणासाठी होते, त्यामुळे बाई विडी कामगार आहे हे सिद्ध होणे महत्त्वाचे. आणि कागदापलीकडे ओळख होती युनियनच्या वर्गणीची, मोर्चांत काढलेल्या दिवसांची. गावदेवीच्या समितीला जे कुळावरून कळत होते, ते इथे संघटनेला वर्षानुवर्षांच्या सोबतीतून कळत होते. फरक एवढाच, की विडी वळणाऱ्या कोणाही बाईला त्या दारातून आत जाता येत होते. पुढे त्याच प्रयत्नांतून असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर योजना झाली आणि तिच्यातली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. दोन वेगळ्या विचारांच्या पंतप्रधानांनी एकाच शहरातल्या, एकाच नेत्याच्या खटपटीतून झालेल्या घरांच्या किल्ल्या द्याव्यात, ही गोष्ट आपल्या राजकारणात तशी दुर्मीळ.

सोलापूरची गोष्ट सरकारी अनुदानाशिवाय घडली नसती, हे मान्य करायलाच हवे. दोन तृतीयांश रक्कम सरकारची होती. पण अनुदान कोणाला पोचवायचे आणि बाईचा वाटा कोणी गोळा करायचा, हे काम बँकेने केले नाही, ओळखीने केले.

आजही पगारपत्रक नसलेल्या माणसाला बँक नाही म्हणते. मग तो घरकर्जाच्या लहान कंपन्यांकडे जातो. त्यांचा माणूस दुकानात येऊन गल्ला पाहतो, शेजाऱ्यांना विचारतो, भाजीवालीच्या दिवसाच्या मालाचा अंदाज घेतो आणि उत्पन्नाचा आकडा ठरवतो. व्याज बँकेपेक्षा जास्त असते. हे पाहिले की वाटते, गाडी फिरून पुन्हा तिथेच आली आहे. कागद संपतो तिथे कोणाला तरी दारात जाऊन माणूस ओळखावाच लागतो. फक्त आता त्या ओळखीची किंमत व्याजात लावली जाते आणि ती कर्जदारच भरतो.

वडिलांचे पतपेढीचे कर्ज १९८१ मध्ये फिटले. पासबुकात शेवटच्या नोंदीखाली लाल शाईने ‘निरंक’ लिहिले आहे. काकांचे नाव मात्र कुठल्याच पासबुकात नाही. ते कोणाचे देणे बुडवणारे नव्हते, हे छापखान्यातल्या प्रत्येकाला माहीत होते. ते लिहून ठेवायला रकाना नव्हता.